डब्यातले थोरले

प्रेमाने डाव्या हाताच्या चिमटीत भुवईची कातडी धरली आणि उजव्या हाताने चिकटपट्टीचा बारीक तुकडा जखमेवर आडवा ओढून बसवला. आरसा म्हणून तिने स्टीलचं ताट मसाल्याच्या बरण्यांना टेकवून उभं केलं होतं, कारण खरा आरसा आतल्या खोलीत होता आणि तिथे जगन्नाथ घोरत पडला होता. जखमेला टाके लागणार, हे तिला दिसत होतं. पण टाके घालायचे म्हणजे हॉस्पिटलात जायचं, आणि हॉस्पिटलात ती स्वतःच सर्जिकल वॉर्डातली स्टाफ नर्स होती. तिथल्या मैत्रिणींना कपाटाचं दार, ओला जिना आणि बसचा दांडा एवढी कारणं सांगून झाली होती. नवं काही सुचत नव्हतं.

"आई, तुला एक दाखवायचंय. पण ओरडायचं नाही, प्रॉमिस कर."

स्वयंपाकघराच्या दारात तारा उभी होती. बारा वर्षांची, हातापायांनी एकदम लांब झालेली. छातीशी दूध-पावडरचा मोठा डबा धरलेला, आणि त्याच्या झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं.

"मांजराचं पिल्लू असेल तर आत्ताच्या आत्ता खाली सोडून ये."

"मांजर नाही."

ताराने झाकण सरकवलं. आत नुसती वाळू होती. मग वाळू हलली आणि तिच्यातून एक बोथट तोंड वर आलं. डोळे टिकलीएवढे, आणि तेही डोक्याच्या माथ्यावर.

प्रेमा ओरडली नाही. शेजारी ऐकतील म्हणून ओरडायचं नाही, ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती की सापापुढेही ती मोडली नाही. ती फक्त मागे सरकत गेली आणि फ्रिजला टेकली.

"महबूबचाचांनी आणून दिला. त्यांचा टँकर अहमदीच्या पलीकडे वाळवंटात रुतला होता ना, तिथे होता वाळूत. सँड बोआ आहे, आई. टोटली हार्मलेस. आपल्याकडचं मांडूळ असतं ना, तसाच."

महबूब म्हणजे लागून असलेल्या घरातला शेजारी. मूळ रत्नागिरीचा, गेली कित्येक वर्षं पाण्याचा टँकर चालवणारा.

"महबूबभाईंना काही उद्योग नाही का? घरचं झालं थोडं आणि त्यांनी धाडलं हे घोडं! परत देऊन ये."

"मी सांभाळीन सगळं. हा आवाज करत नाही, वास येत नाही, दिवसभर वाळूत पडून असतो. तुला दिसणारसुद्धा नाही. प्लीज."

"तारा, नाही म्हणजे नाही. एक पोसतेय तेवढा पुरे आहे."

तोंडातून गेलं आणि प्रेमाने जीभ चावली. लेकीसमोर नवऱ्याविरुद्ध तिने आजवर अवाक्षर काढलं नव्हतं. ताराने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"शिवाय तुझ्या बाबांना चालायचं नाही," प्रेमा घाईघाईने म्हणाली. "त्यांच्या घराण्यात सापाचं किती कडक आहे, ठाऊक आहे ना?"

"आय नो," तारा म्हणाली, आणि झाकण पुन्हा बसवायला लागली.

जगन्नाथ पाटणकर चारचौघांत भला लाघवी माणूस. आखातातल्या सलवा भागातल्या त्या इमारतीत कुणाचा फ्यूज उडाला तरी हा धावणार. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यांत वरचा आवाज याचा. बंदी असलेल्या देशातही दर गुरुवारी त्याला कुठून तरी बाटली मिळायची, आणि शुक्रवारच्या सुट्टीला प्रेमा नव्या जागी सुजलेली असायची. पावसाने झोडपलं, राजाने छळलं आणि नवऱ्याने मारलं तर दाद मागायची कुणाकडे, असं म्हणतात. इथे पाऊस नव्हता, राजा परका होता, उरला तो नवरा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिने एकाच गोष्टीच्या आधारावर सोसला होता. ताराच्या अंगाला त्याने कधी बोट लावलं नव्हतं. तारा आपल्या खोलीत एसीच्या घरघरीत गाढ झोपलेली असते, असा प्रेमाचा समज होता, आणि तो समज तिने जिवापाड जपला होता.

"चहा कुठाय?"

जगन्नाथ दारात उभा राहिला. पायजमा चुरगळलेला, डोळे तांबारलेले. त्याची नजर उभ्या केलेल्या ताटावर गेली, तिथून प्रेमाच्या भुवईवर.

"पट्टी लावलीस? उद्या हॉस्पिटलात मिरवायला? नवरा राक्षस आहे म्हणून?"

"रक्त थांबत नव्हतं."

"बघू."

तो जवळ आला, दोन बोटांनी पट्टीचं टोक धरलं आणि खसकन ओढली. जखम पुन्हा उघडली. रक्त पापणीवरून गालावर आलं. प्रेमाने डोळा मिटून घेतला, एवढंच.

"डोन्ट टच हर!"

जगन्नाथ ताराकडे वळला.

"काय म्हणालीस? मराठीत बोल. बापाशी मराठीत बोलायचं."

"तिला हात लावू नका."

थप्पड इतक्या जोरात बसली की तारा ओट्यावर आदळली. डबा हातातून सुटला आणि गडगडत टेबलाखाली गेला. प्रेमा मध्ये धावली. त्याने तिला कोपराने भिंतीवर ढकललं. त्याने ताराची वेणी मनगटाला वेढली, तिचं तोंड वर केलं आणि दुसरा हात उगारला. प्रेमाला त्या एका क्षणात काय काय वाटलं ते सांगता येणार नाही. तिची सगळी वर्षं, सगळी सोशिकता त्या उगारलेल्या हाताखाली एकदम फुकट गेली.

पण हात खाली आला नाही.

टेबलाखालून पांढऱ्या फरशीवर वाळूची रेघ उमटत चालली होती, आणि रेघेच्या पुढे तो सरपटत होता. जगन्नाथच्या मुठीतून वेणी सुटली. तो दोन पावलं मागे हटला, पायांतल्या सपाता काढल्या आणि त्याने हात जोडले.

नाग असो, धामण असो, नाहीतर आंधळं मांडूळ. पाटणकरांच्या घरात साप शिरला की तो साप राहत नाही, ते घराण्याचे थोरले, वाडवडील असतात. कुणा पणजोबाने गोठ्यात एक मारला आणि त्याच वर्षी घरातली तीन माणसं गेली, तेव्हापासून हा नेम. थोरल्यांना मारायचं नाही, हुसकायचं नाही, आणि ते आपण होऊन जाईपर्यंत घरात कुणी आवाज चढवायचा नाही की हात उचलायचा नाही. जगन्नाथ इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेतलेला माणूस, पण हा नेम त्याने कधी मोडला नव्हता. बायकोवर उठताना जे हात कधी अडखळले नाहीत ते आता छातीशी जोडलेले होते.

प्रेमाने हे एकदा पाहिलं होतं. नवी नवरी होती तेव्हा, गावी. सासरे सासूबाईंना काठीने झोडपत होते आणि गोठ्यातून धामण निघाली. सासऱ्यांनी काठी खाली ठेवली. त्या दिवशी सासूबाई दुपारभर पायरीवर बसून सावकाश केस विंचरत होत्या आणि धामणीकडे फिरकणाऱ्या कोंबड्या हाकलत होत्या. ही बाई सापाला भीत कशी नाही, याचं प्रेमाला तेव्हा नवल वाटलं होतं.

तिने ताराकडे पाहिलं. मुलीचा ओठ फाटला होता. ती सापाकडे बघतच नव्हती, बापाच्या हातांकडे बघत होती. आणि प्रेमाला कळलं. मुलगी झोपलेली नसायची. एकाही रात्री नसायची.

तेवढ्यात जगन्नाथची नजर टेबलाखाली गेली. आडवा डबा, भोकं पाडलेलं झाकण, सांडलेली वाळू. त्याचे जोडलेले हात हळूहळू सुटले.

"आणलाय हा," तो म्हणाला. "आपल्या इच्छेने आलेला नाही. मग हे थोरले कसले?"

तरी सापाला हात लावायची हिंमत त्याच्यात नव्हती. पण कायद्यात पळवाट आणि नेमात फट शोधणारे आपल्यात काही कमी नाहीत. तो अनवाणीच बाहेर गेला, शेजारचं दार बडवलं आणि लुंगी-बनियनवर असलेल्या महबूबला दंडाला धरून घेऊन आला. गॅलरीत पडलेला लोखंडी पाइप त्याने महबूबच्या हातात दिला.

"तुला याचा दोष नाही, महबूब. तू मुसलमान. मार एकदाचा." आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "मी बघत नाही. उरक."

महबूबने फरशीवर पाहिलं. मग प्रेमाच्या हनुवटीवरून ठिबकणारं रक्त पाहिलं, मग पोरीचा ओठ.

"याला इख नाय, जगनभाऊ."

"ते मी विचारलं का?"

"मीच आनलाय ह्यो. पोर म्हनली, चाचा, मला साप पायजे. कशाला, ते मी इचारलं नाय." त्याने पाइप हळूच ओट्याला टेकवून ठेवला. "आपली भिंत एकच हाय, भाऊ. समदं आयकू येतं."

भिंतीकडे तोंड केलेल्या जगन्नाथची मान लाल होत गेली. आरतीत वरचा आवाज लावणाऱ्या माणसाला आपला दुसरा आवाजही शेजारी पोचतो, हे कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. तो वळला तो पाइप उचलूनच वळला. तारा झटकन फरशीवर बसली आणि तिने सापाभोवती दोन्ही हातांचं कुंपण केलं.

"बाजूला हो. नाहीतर तुझ्यासकट ठेचीन."

महबूब पुढे झाला. पण त्याच्याआधी प्रेमा खाली वाकली. भीती वाटत नव्हती असं नाही. शिसारीने तिचं अंग शहारलं, बोटं एकदा आखडली. मग तिने ताराच्या हातांच्या कुंपणात हात घातला आणि त्याला उचललं. तिला वाटलं होतं तसा तो ओला, बुळबुळीत नव्हता. कोरडा होता, आणि रक्त काढताना दंडाला बांधतात त्या रबरी नळीसारखा त्याने तिच्या मनगटाला घट्ट विळखा घातला.

ती सरळ उभी राहिली आणि हात पुढे करून नवऱ्यासमोर गेली.

"मारा."

"ठेव ते खाली."

"थोरले आहेत की नाहीत, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आणले म्हणून थोरले नाहीत, असं मला सांगू नका. मलाही या घरात आणलंच होतं."

पाइप खाली आला. महबूबने अल्लाचं नाव घेतलं, ताराने किंकाळी फोडली. ओट्याच्या कडेचा टवका उडाला, बरण्या फुटल्या, हळद आणि तिखट फरशीभर झालं. प्रेमा जागची हलली नव्हती. तिच्या मनगटावरून त्या बोथट तोंडाने मान उचलली आणि जगन्नाथच्या दिशेने जीभ बाहेर काढली.

पाइप त्याच्या हातातून गळून पडला. एक पाऊल मागे, दुसरं पाऊल मागे. प्रेमा तेवढीच पुढे. दिवाणखान्यातून, टीव्हीच्या बाजूने, दाराबाहेर, जिन्याच्या तोंडापर्यंत. तिथे तो थांबला, अनवाणी, हळदीने पिवळ्या झालेल्या पावलांनी.

"चला भाऊ," मागून आलेला महबूब म्हणाला. त्याने आपली रुंद पाठ प्रेमाच्या दाराकडे केली आणि तो दोघांच्या मध्ये उभा राहिला. "माझ्याकडं चाय घ्या."

प्रेमाने दार लावलं आणि वरची, खालची, दोन्ही कड्या घातल्या. मग ती दाराशीच बसली. ताराने फडकं आणि रिकामा डबा आणला आणि फडकं तिच्या भुवईवर दाबलं. आई शिकवायची तसंच, हलवाहलव न करता, घट्ट. हा काही कायमचा इलाज नाही, हे प्रेमाला कळत होतं. जायचं कुठे, नोकरीचं काय, शाळेचं काय, सगळं पुढे होतं. पण वाहतं रक्त आधी दाबूनच धरावं लागतं, बाकीचं मग. ती कितीतरी वेळ लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मोठ्याने, भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

साप तिच्या मनगटावर स्वस्थ होता. तारा त्याच्याकडे बघत होती, पण त्याला ठेवून घेण्याचा हट्ट तिने पुन्हा धरला नाही.

उन्हं कलली तेव्हा दारावर टकटक झाली. अगदी हलकी, परक्या घरी आल्यासारखी.

"प्रेमा," बाहेरून जगन्नाथचा आवाज आला. इतका मऊ आवाज तिने लग्नाआधी ऐकला होता. "गेले का गं ते?"

ताराने श्वास रोखून आईकडे पाहिलं. प्रेमाने डोळे पुसले आणि मोकळा हात पुढे करून रिकामा डबा आपल्याजवळ ओढला.

"नाही," ती म्हणाली. "ते राहायलाच आलेत."