बेसिनजवळची छोटी खुर्ची

बालवर्गात मोठ्या माणसाची खुर्ची एकच, आणि ती वर्गशिक्षिकेची. मदतनिसाने मुलांच्या खुर्चीत बसायचं, गुडघे हनुवटीला टेकवून. जेवणानंतर पोरं चटयांवर आडवी झाली की खुर्ची बेसिनजवळ ओढायची आणि एकेकाला थोपटायचं. मोठी मावशी जन्मभर तशीच बसली. दर वर्षी तिला सांगायचे, पुढच्या वर्षी कायम करू. वाट बघता बघता बिचारी गेली, तीसुद्धा हंगामीच.

तिच्या जागी आली ती छोटी मावशी. शिकलेली, बालशिक्षणाचा कोर्स करत असलेली, तोंडाने फटकळ. पहिल्या दुपारी ती खुर्चीत टेकणार, तोच एक चिमुरडी म्हणाली, "तिथे नको. मोठी मावशी बसलीय."

"बसू दे की," ती हसून म्हणाली. पण का कोण जाणे, त्या खुर्चीत ती कधीच बसली नाही. उकिडवं बसून थोपटता थोपटता कंबरेचे तीनतेरा वाजले. शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं, तर तिथली मुलं आधीच गाढ झोपलेली. त्यांची पांघरुणं मात्र हलकेच दबत असायची. थप, थप.

"भुताला घाबरतेस?" नवऱ्यानं थट्टा केली.

"भुताला कोण घाबरतंय! माझंही तिच्यासारखंच होईल, त्याची भीती वाटते."

कोर्स संपला तशी ती हेडबाईंकडे गेली. सहायक शिक्षिकेची जागा रिकामीच होती. हेडबाईंनी चष्मा पुसला. "पुढच्या वर्षी नक्की बघू हं, मावशी. मुलांना किती लळा आहे तुमचा!"

वर्गात कधी आला नव्हता असा काटा तिच्या अंगावर आला. ॲप्रन खुंटीला अडकवून ती बाहेर पडली आणि चौकातल्या औषधाच्या दुकानात कामाला लागली. पगार बरा, बसायला उंच स्टूल, आणि पुढे मालकाने मालाची खरेदीही तिच्यावर सोपवली. सुटले एकदाची, असं तिला मनापासून वाटलं. फक्त दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिचा उजवा हात आपोआप काउंटर थोपटत राही.

"ताई, झोपला हो तो काउंटर," मालक म्हणायचा.

अशाच एका दुपारी शाळेतली नवी मदतनीस खोकल्याचं औषध घ्यायला आली. "छोटी मावशी तुम्हीच ना? पोरं मला त्या खुर्चीत बसूच देत नाहीत."

"मोठी मावशी बसलीय म्हणत असतील."

"छे! तुम्ही बसलाय म्हणतात."

काउंटरवरचा हात थबकला. "आणि मोठी मावशी?"

"ती शेजारी उभी असते म्हणे. खुर्ची एकच आहे ना." नवी खुदकन हसली. "मला काय, थोडेच दिवस. पुढच्या वर्षी कायम करणार आहेत."

छोट्या मावशीने तिचं मनगट धरलं. "ऐक माझं. इथे एक जागा आहे. उद्याच ये."

"अहो, अशी कशी येऊ? मुलांना लळा लागलाय माझा." बाटली पिशवीत टाकून ती गेलीसुद्धा.

छोट्या मावशीने उजवा हात डाव्या हातात घट्ट आवळून धरला. बराच वेळ धरला. मग शाळेतलं एखादं पोर दचकून उठेल असं वाटलं, आणि तिनं तो सोडून दिला.