फार्गोच्या पोटाखाली

ट्रकचं इंजिन ओळखायचं तर आधी हात लावू नये, आधी ऐकावं, असं सहदेव परबांचं म्हणणं. शहाणी सासू सुनेचं तोंड नंतर बघते; आधी तिच्या बांगड्या कशा वाजतात ते ऐकते. म्हणून मुलुंड चेकनाक्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती हिरवीगार रंगवलेली बासष्ट सालची फार्गो सुरू झाली, तेव्हा सहदेव डोळे मिटून उभे राहिले. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. साठी ओलांडलेलं अंग घामानं निथळत होतं, पण कान जागेवर होते.

"पी-सिक्स," ते म्हणाले. "सहा सिलिंडर, त्र्याऐंशी घोड्यांचं. पुढच्या अंगाला सर्रर ऐकू येतंय ना? ती टायमिंगची साखळी. मागाहून जे तीनशे चोपन्न नावाचं इंजिन आलं, त्याला साखळी नाही, गिअर. म्हणजे इंजिन ह्या गाडीच्याच वयाचं."

"झकास, बाबा!" मोबाइलवर व्हिडिओ काढणारा सुयोग म्हणाला. "परत एकदा बोला ना, मागं हॉर्न वाजला."

"आणि गाणं म्हणून दाखव त्यांना," स्टुलावर बसलेल्या जुन्या दोस्तानं, भीमराजनं टोमणा मारला. "गाण्याशिवाय तुझं इंजिन पेटतंय कुठं?"

गाणं नलिनीचं होतं. लग्न नवं होतं, सहदेव गॅरेजात शिकाऊ. सहा सिलिंडर कुठल्या क्रमानं पेटतात, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार, हे काही केल्या डोक्यात राहीना. नलिनी हसली होती. म्हणाली, अहो, आमच्या वाडीत सकाळी विस्तव मागायला जातात ना, तसंच हे. आणि पीठ मळता मळता तिनं जुळवलं होतं:

एकीनं पेटवली, पाचवीनं नेली,
तिसरीच्या चुलीत ठिणगी गेली;
सहावीनं फुंकली, दुसरीला दिली,
चौथीनं झाकली, रात गेली.

नलिनी जाऊन सहा वर्षं झाली. गाणं मात्र प्रत्येक पी-सिक्समध्ये जिवंत होतं.

गाडीचा मालक मिहिर, पार्ल्याचा, जुन्या ट्रकांचा वेडा, खाली वाकून बघत होता. "काका, मला एवढंच हवंय. कागदावरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर एकच, आणि गाडी जन्मली तेव्हाचंच हे इंजिन, असं तुमच्या सहीचं पत्र. पुढच्या रविवारी पवईला प्रदर्शन आहे. तुमच्या पत्रावर तिथं कुणी प्रश्न विचारत नाही."

"होऊन जाईल," सहदेवांच्या आधी सुयोगच बोलला. अंधेरीची नोकरी सुटल्यावर आठ महिन्यांत त्यानं बापाचे कान आणि बापाचं नाव यांवर हा धंदा उभा केला होता. मिहिरकडे अजून अकरा ट्रक होते, आणि ते अकराही ह्या एका पत्राच्या मागं रांगेत उभे होते.

इंजिन बंद झालं. त्या शांततेत भीमराज म्हणाला, "सद्या, हा आवाज माझ्या गाडीचा आहे रे."

सगळे हसले. सुयोग म्हणाला, "भीमराजकाका, तुम्हाला चहाची किटलीसुद्धा तुमच्या गाडीसारखी ऐकू येते."

"किटली घेऊन मी कसारा घाट नव्हता चढलो, बाळा."

सहदेवही हसले. ब्लॉकवरच्या नंबराचा पेन्सिलनं छाप घ्यायचा होता, आरटीओत घेतात तसा. वरून वाकायचं तर नवा रंग खरवडला असता. ते चाकांच्या फळीवर उताणे झाले आणि पायानं रेटत फार्गोच्या पोटाखाली सरकले. जाताना भीमराजला म्हणाले, "बाहेर ओढायला तूच ये हां. गुडघा अडकतो मेला."

"चाळीस वर्षं तेच करतोय."

खाली अंधार आणि ग्रीसचा वास. छाती आणि गिअरबॉक्स यांच्यात जेमतेम वीतभर जागा. सहदेवांनी बॅटरी तोंडात धरली, हात चासीवरून आत घातला, डिझेल पंपामागे ब्लॉकवर नंबरासाठी असलेल्या सपाट चौथऱ्यावर कागद चिकटवला आणि पेन्सिल आडवी घासायला लागले. काळ्या पट्ट्यातून आकडे एकेक करून पांढरे उमटले. कागदावरचाच नंबर. अगदी बरोबर.

मग त्यांना सात दिसला.

साताचा पाय खाली येताना तुटला होता, आणि तुटलेल्या जागी डावीकडे एक काटा. तसे दोन सात. सहदेवांच्या तोंडातून बॅटरी गळून छातीवर पडली. ते शिकले त्या घाटकोपरच्या गॅरेजात नंबर मारायच्या ठोक्यांच्या डबीत साताचा ठोका तसा होता. त्यांच्याच हातून पडून तुटलेला.

त्यांनी बोट लावलं. आकड्यांच्या खालची जागा किंचित खोलगट होती. तिथं कानस फिरली होती, पण घाईत फिरली होती. दुसरा कागद लावून पेन्सिल हलकीच फिरवली, तेव्हा साताच्या मागून, धुक्यातून यावं तसं, दुसऱ्याच नंबराचं शेपूट वर आलं: पाच, आठ, एक.

ब्याऐंशी साल. गॅरेजात दोन फार्गो उभ्या होत्या. एक मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याची, ब्लॉक तडकलेली. दुसरी भीमराजची, गिअरबॉक्सच्या कामाला आलेली. त्याच्या मालकीची एकुलती एक. भीमराज गावी गेला तो पाय मोडून चार महिने तिथंच पडला. गॅरेजचा मालक सहदेवांना म्हणाला, भीमराजचं इंजिन त्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाडीला चढव, त्याचं भीमराजच्या, आणि नंबर उलटसुलट मार. सगळेच मारतात. सहदेवांनी मारले. बदल्यात मालकानं वर्षभराच्या शिकाऊ पोराचा मिस्त्री केला.

आणि काठी टेकत परत आलेल्या भीमराजला मालकानं सांगितलं, तू रेडिएटरमध्ये पाणी न भरता घाट चढवलास, ब्लॉक फोडलास. तेव्हा सहदेव बाजूला हात पुसत उभे होते. हात पुसतच राहिले.

भीमराजनं गाडी भंगारात दिली आणि उरलेला जन्म दुसऱ्याच्या गाड्या हाकल्या. दोघं एकाच चाळीत राहिले, मग दिंडोशीच्या एकाच इमारतीत गेले. अजूनही कॅरम खेळता खेळता स्ट्रायकर बोटाखाली धरून भीमराज मधेच थांबायचा. "मी पाणी भरलं होतं रे सद्या. घाटाखाली. का आदल्या फेरीला भरलं होतं? आठवत नाही. जीव तुटतो." आणि सहदेव म्हणायचे, "मार रे, तुझी पाळी."

"बाबा, झालं का?" सुयोगचे पांढरे बूट चाकापाशी आले. "मिहिरसरांना निघायचंय. पत्र तयार आहे, सही तेवढी करा."

"नंबर जुळला का, काका?" मिहिरचे चकचकीत बूट.

"जुळला," सहदेवांच्या तोंडून निघून गेलं. खोटंही नव्हतं ते. नंबर जुळतच होता, जुळवलेलाच होता.

"वा! मग या बाहेर."

सहदेवांनी पाय रेटला. गुडघा अडकला. वर लोखंड, खाली लोखंड, मधे ते. बाहेर गेलं की पेन हातात येणार आणि चाळीस वर्षांपूर्वीचं खोटं दुसऱ्यांदा, ह्या वेळी सहीनिशी, पक्कं होणार. सही नाही केली तर का ते सांगावं लागणार. मग परबांच्या शब्दाला किंमत उरणार नाही, आणि सुयोगच्या धंद्यात शब्दाखेरीज होतं काय? ह्या पोटाखाली पडून राहणं हीच तेवढी एक जागा होती जिथं अजून काही घडलं नव्हतं.

तेवढ्यात बुटांच्या मधे झिजक्या चपला आल्या. एक सरळ, एक वाकडी पडणारी.

"दे हात, म्हाताऱ्या," भीमराज म्हणाला. त्याचा पंजा खाली आला, सुरकुतलेला, अंगठ्याला स्टिअरिंगचा घट्टा.

सहदेवांनी तो पंजा धरला. पण बाहेर जायला नाही. आत ओढला.

"तूच खाली ये."

"अरे, वेड लागलं का? मला वाकता येत नाही."

"ये रे भीमा. एकदा."

कण्हत, शिव्या देत, मोडका पाय लांब सोडून भीमराज पाठीवर घसरत आत आला. दोघांची डोकी एका रेषेत आली. सहदेवांनी कागद त्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि बॅटरी लावली.

"मागचे पुसट आकडे वाच."

भीमराजनं डोळे बारीक केले. "पाच... आठ... एक." तो थांबला. मग पुढचे-मागचे सगळे आकडे त्यानं कागदाकडे न बघता म्हटले, लेकराचं नाव घ्यावं तसे.

"मीच मारले," सहदेव म्हणाले. "वरचे. तुझे घासून. तडकलेलं होतं ते त्या ट्रान्सपोर्टवाल्याचं. तुझं तर धड होतं, तू दिलंस तेव्हा."

बाहेर सुयोग विचारत होता, "काय चाललंय दोघांचं? बाबा?"

भीमराजनं पुसट आकड्यांवरून अंगठा फिरवला. मग तो अगदी हळू म्हणाला, "म्हणजे पाणी होतं."

"काठोकाठ होतं."

"आणि तू रोज माझ्यासमोर बसत होतास. रोज. मार, तुझी पाळी म्हणत होतास."

भीमराजनं कागद घेतला, घडी केली, खिशात ठेवला आणि आला तसा घसरत बाहेर गेला. जाताना त्यानं हात दिला नाही. चपला दूर जाताना दिसल्या. एक सरळ, एक वाकडी. दाराकडे नाही. दाराच्या आधीच वळल्या. केबिनचं दार उघडलं, करकरलं. वरच्या पत्र्यावर वजन पडलं.

"काका, चावी आहे त्यात! अहो, बाबा खाली आहेत!" सुयोग ओरडला.

चाकांना दगड होते. गिअर पडला नाही. फक्त इंजिन सुरू झालं.

सहदेवांच्या नाकापासून वीतभर अंतरावर ते लोखंड थरथरलं, तापायला लागलं, आणि तेलाचा एक थेंब कपाळावर येऊन पडला. त्यांनी तो पुसला नाही. आता सुयोगही खाली वाकला होता, त्याचा लाल झालेला चेहरा आडवा दिसत होता. "बाबा, पत्राचं काय? काय सांगू मी त्यांना?"

"सांग, इंजिन ह्या गाडीचं नाही," सहदेव ओरडून म्हणाले. "वर बसलाय त्याचं आहे. सही मी तेवढ्यावर करेन. कुणी नंबर मारला, तेही लिही."

सुयोगचा चेहरा तसाच राहिला, मग वर निघून गेला. मिहिरचा आवाज चढला, सुयोगचा पडला. शब्द ऐकू येत नव्हते. ऐकू येत होती ती साखळीची सर्रर, आणि तिच्या आत, विस्तव ह्या चुलीतून त्या चुलीत न्यावा तसा तो फेर. एक, पाच, तीन. सहा, दोन, चार.

वर भीमराज इंजिन बंद करत नव्हता. आणि गुडघा अडकलेले सहदेव, त्यानं बंद करावं असं म्हणत नव्हते.