चापातली अक्षता

मित्रांनो, मी एक जुने हवेचे पिस्तूल आहे. नेमबाजीच्या स्पर्धेतले, चोर-पोलिसांच्या खेळातले नव्हे. माझ्यातून गोळी सुटत नाही. हरभऱ्याच्या दाण्यापेक्षाही लहान छर्रा सुटतो आणि दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडतो. माझ्यासारख्यांनी आपली कहाणी सांगायची म्हणजे थोडी बढाई मारायची, असा रिवाज आहे. माझ्याकडे बढाईलायक चार गोष्टी आहेतही. पण आज जे सांगणार आहे ते सांगताना माझी मान खाली जाते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मुंबईतल्या एका वयस्क नेमबाजाने मला वापरले आणि डोळे अधू झाल्यावर १९८९ साली आपल्या शिष्याच्या, दत्ताराम यांच्या हाती दिले. दत्ताराम फोर्टमधल्या एका कंपनीत कारकून. गिरगावची खोली सोडून ते नुकतेच भाईंदर पूर्वेला, गोडदेवला ब्लॉक घेऊन राहायला आले होते. इमारतीच्या गच्चीवर त्यांनी दहा मीटर मोजून विटेने रेघ ओढली आणि समोर चिंध्या भरलेले खोके मांडले. त्यांची मुलगी रसिका तेव्हा तेरा वर्षांची होती. सांडलेले छर्रे वेचायला म्हणून ती वर आली आणि दोन वर्षांत बापापेक्षा सरस नेम मारू लागली.

मी तसा नखरेलच. मिठागरांवरून येणारा खारा वारा मला सोसत नसे. कधी आतले वायसर सुके पडे आणि छर्रा खाली जाई. कधी नेम धरायच्या मागच्या खाचेचा स्क्रू सैल होई आणि छर्रे एका बाजूला सरकत. पण त्या दिवसांत दत्ताराम यांचा एक नियम होता. नेम चुकला की आधी पिस्तूल बघायचे, मग माणूस. पत्नी मनोरमाबाईंच्या शिलाई मशीनचे तेल, घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर आणि जुने धोतर घेऊन ते माझ्यापुढे मांडी ठोकून बसत आणि दोष सापडेपर्यंत उठत नसत. मनोरमाबाई चिडवत, की माझं डोकं दुखलं तर इतक्या बारकाईनं कधी बघितलं नाहीत.

मग १९९३ सालची खंडेनवमी आली. राज्याच्या कुमार संघाची निवड त्यानंतर आठ दिवसांवर होती आणि रसिकाचे नाव सगळे घेत होते. दत्ताराम यांना पूजा यथासांग करायची होती. माझी लाकडी मूठ काढून तिला तेल लावून त्यांनी वाळत ठेवली, आणि माझे नुसते लोखंडी अंग पाटावर उताणे मांडले. हळद वाहिली, कुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले, आणि ओंजळभर ओल्या अक्षता माझ्यावर टाकल्या. मी फुगून गेलो होतो. इतका मान मला कारखान्यात कुणी दिला नव्हता. त्या भरात कुंकवाने माखलेला एक दाणा मुठीखालच्या उघड्या फटीतून चापाच्या यंत्रात घुसला, त्याकडे मी लक्षच दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वरून पुसले आणि मूठ चढवली. दाणा आतच वाळला.

माझा चाप दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा मऊ असतो, मग बोटाला एक बारीक थांबा लागतो, आणि त्यापुढे केसभर दाबले की छर्रा सुटतो. नेमबाज हात वरून खाली आणताना पहिला टप्पा घेतो आणि थांब्यावर येऊन नेम धरतो. त्या दाण्याने माझा थांबाच पळवला. नेहमी नाही, मधूनच. सात-आठ वेळा मी ठीक चाले, आणि नवव्या वेळी रसिकाचा हात खाली येता येताच छर्रा सुटून जाई.

सरावात तिला ती आपलीच घाई वाटली, पण निवडीच्या दिवशीही तेच झाले. तिने चार वेळा सोसले. मग परीक्षकांची परवानगी घेऊन ती मागे बसलेल्या वडिलांकडे आली आणि चाप आपोआप सुटतोय म्हणाली. दत्ताराम यांनी मला हातात घेऊन पाच छर्रे मारले. परीक्षकांनी चापाला वजन लावून पाहिले. मित्रांनो, त्या सगळ्यांच्या हातात मी शहाण्या मुलासारखा वागलो. एकदाही चुकलो नाही. याची मला आजही शरम वाटते.

दत्ताराम सगळ्यांसमोर म्हणाले, "पिस्तुलात काही नाही. गेल्याच आठवड्यात पूजा झालीय त्याची. तुझा हात थरथरतोय, ते बघ आधी."

पूजा झालेल्या हत्यारात खोट काढायची नाही, असे त्यांच्या मनाने घेतले होते. आयुष्यभराचा नियम त्यांनी त्या एका दिवशी उलटा केला. रसिका जागेवर परत गेली. त्यानंतर मी तिला आणखी तीनदा दगा दिला. दोन गुणांनी तिची निवड हुकली.

तिने आदळआपट केली नाही. तिने वडिलांचे म्हणणे खरे मानले, हे त्याहून वाईट झाले. मला पेटीत ठेवून ती पुन्हा गच्चीवर गेली नाही. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरू लागली. कॉलेजात प्रयोगाच्या तासाला काचेची नळी मैत्रिणीकडे देई आणि आपण वही लिही. कुणी विचारले तर हसून सांगे की माझा हातच तसा आहे. मी पेटीत पडून हे ऐकत होतो. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

दोन वर्षे अशी गेली. पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर दत्ताराम यांनी मला एका क्लबला देऊन टाकायचे ठरवले. देण्याआधी एकदा साफसूफ करावी म्हणून ते मला किनाऱ्याजवळच्या तारोडी गावात निकोलसकडे घेऊन गेले. निकोलस त्यांच्याच कंपनीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर. आता गावातल्या होड्यांची इंजिने दुरुस्त करी. पिस्तूल त्याने जन्मात उघडले नव्हते, पण लोखंड त्याला कळत होते.

त्याने मूठ काढली, चाप दोन-तीनदा दाबून पाहिला आणि चिमट्याने तो दाणा बाहेर ओढला. अजून लाल होता. मग त्याची नजर पेटीच्या झाकणात खोचलेल्या टार्गेटच्या कागदांवर गेली. ते त्या निवडीच्या दिवसाचे होते. ही पोरीची हार आहे, तिचा हात थरथरतो, असे दत्ताराम यांनी सांगितले. निकोलसने कागद उजेडात धरले आणि सावकाश एकेक भोक पाहिले.

"हात थरथरला असता तं भोकं चारी बाजूंना गेली असती, दत्ताराम," तो म्हणाला. "ही चुकलेली सगली वरच हायेत. हात खाली येताना चाप सुटलाय. पोरीचा दोष न्हाय."

दाणा दत्ताराम यांनी कागदात गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मला क्लबला द्यायचे त्यांनी रहित केले. रोज ऑफिसातून आल्यावर ते मला तेलपाणी करत, पुसत, पुन्हा पेटीत ठेवत. खिशातली पुडी एका सदऱ्यातून दुसऱ्या सदऱ्यात जाई. मुलीसमोर मात्र त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. बापाने पोरीपुढे चूक कबूल करायची, हे त्यांच्या घरात कधी घडले नव्हते. त्यांची शरम मला कळत होती, कारण ती माझीच होती.

मार्चमध्ये शेजारच्या सुचेताचे लग्न होते. हॉलमध्ये काय घडले ते मला मागाहून कळले. सुचेताची आई वासंतीकाकू यांनी अक्षतांचे ताट रसिकापुढे धरले आणि सगळ्यांना वाटून ये म्हणाल्या. रसिकाने हात मागे घेतला.

"नको काकू, माझा हात थरथरतो. सांडतील," ती म्हणाली.

दत्ताराम शेजारीच उभे होते. त्यांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. मंगलाष्टके संपली तरी त्यांना त्या टाकता आल्या नाहीत.

दुपारी घरी येताच, लग्नातले कपडे न बदलता, त्यांनी माझी पेटी टेबलावर उघडली आणि रसिकाला बोलावले. पुडी सोडून तो दाणा तिच्यासमोर ठेवला.

"हा पिस्तुलात होता. चापात. पूजेच्या दिवशी मीच टाकला," ते म्हणाले. "तुझा हात कधीच थरथरत नव्हता, रसिका."

तिने दाणा उचलून उजेडात धरला. मग तिने विचारले, "तुम्हाला कधी कळलं?"

"चार महिने झाले."

तिने मला उचलले. अडीच वर्षांनी तिचे बोट माझ्या चापावर आले. छर्रा न भरताच तिने हात सरळ केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एका तारखेवर माझी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, धरली. मी श्वास रोखून होतो. माशी तसूभरही हलली नाही.

मला पेटीत ठेवून ती आत गेली. थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली. कप काठोकाठ भरलेला, एका हातात. एक थेंब बशीत नव्हता. दत्ताराम यांनी तो हातात घेतला आणि त्यांच्या हातून अर्धा चहा बशीत सांडला.

"चार महिने, बाबा," ती म्हणाली. पण ती उठून गेली नाही. त्यांच्यासमोरच बसून राहिली.

रसिका पुढे संघात गेली नाही. कुमार गटाचे वय निघून गेले होते. तो दाणा अजून माझ्या पेटीच्या कोपऱ्यात आहे आणि रोज मला दिसतो. मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, आम्हाला ती आवडते. पण कुणी म्हणाले की हत्यार बिघडलंय, तर त्याचा हात बघण्याआधी आम्हाला उघडून बघा. आणि आपलीच चूक निघाली, तर सांगायला चार महिने लावू नका.