स्विच पाडायचा राहिला

"मिस्त्री, हात काढा!"

ऑपरेटर ओरडला तेव्हा माझी बोटं पंपाच्या पट्ट्यावर होती. हात मागे घेतला आणि पट्टे धावायला लागले.

चारही पट्टे नवे घातले होते, पुल्या दोरी धरून सरळ रेषेत आणल्या होत्या, अंगठ्याने दाबून ताण पाहत होतो. टाकीतलं पाणी उतरलं की ही मोटर आपोआप सुरू होते. म्हणून आधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली खिशात. मग बटन दाबून मोटर मेली ना ते पाहायचं आणि मगच हात घालायचा. एकतीस वर्षं मीच हे सगळ्यांना शिकवत आलो. आज कुलूप पिशवीतच होतं. कसल्या विचारात होतो असंही नाही. डोकं रिकामं होतं.

ऑपरेटरने मोटर बंद केली. "जिवावरचं बोटावर निभावतं म्हणतात. तुमचं बोटावरही आलं नाही. बसा, पाणी प्या. कोणी पाहिलं नाही."

"तू पाहिलंस."

"मी आंधळा. माझ्या बायकोला विचारा."

बोलला आणि ओशाळला. माझी बायको जाऊन सात आठवडे झाले होते.

रोज संध्याकाळी दार उघडून ती म्हणायची, "दाखवा हात." मी दोन्ही पंजे पुढे करायचो. "भरली दहा," म्हणायची आणि मग वाटेतून बाजूला व्हायची.

मी स्विच पाडला, कुलूप घातलं, बटन तीनदा दाबून पाहिलं. ताण नीट केला. पट्ट्यांवरची जाळी बसवली, चारही बोल्ट आवळले आणि मगच पंप चालू केला. पट्टे सरळ चालले, कुरकुर नाही. मग साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, "काका, होतं असं एखाद्या वेळी. चार दिवस सुट्टी घ्या."

"सुट्टी घेऊन घरी काय करू? मला स्टोअरला टाका."

"दोनच वर्षं राहिलीत तुमची. पंपाशिवाय करमेल?"

"नाही करमणार. पण आज माझा हात होता, उद्या माझ्या चुकीने दुसऱ्याचा असेल."

त्यांनी बराच वेळ कागद इकडचे तिकडे केले. "बरं. उद्यापासून स्टोअर. आज घरी जा."

भर दुपारी मी घरी कधी आलोच नव्हतो. स्वयंपाकघरात बायको एक खुर्ची कोपऱ्यात ठेवायची. संध्याकाळी तिथे अंधार असतो, म्हणून मी नेहमी कटकट करायचो, "तिथे कोण बसणार?" आता खिडकीतून ऊन आलं होतं आणि बरोबर त्या खुर्चीवर पडलं होतं.

चपला काढल्या. दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसलो.