भुंगा आणि एकुलता हॅडक

हेटी टॅपसेल सकाळपासून ओरमच्या मासळीच्या दुकानासमोर ताटकळत होती, ती एका हॅडक माशासाठी. तिचा मुलगा सिरिल आज एका रात्रीच्या रजेवर येणार होता आणि उद्या फ्रान्सला लढाईवर जायचा होता. त्याच्या ताटात आजही उकडलेलं गाजर वाढायचं तिच्या जिवावर आलं होतं. बुटक्या, गोलमटोल हेटीच्या मागे काठीसारख्या उंच मिसेस ब्लंडन. रांगेत पुढे सरकण्यात लंडनच्या अख्ख्या पेंज भागात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात भुंगा आला. जर्मनांच्या बिनमाणसाच्या उडत्या बॉम्बला सगळे भुंगाच म्हणत. घरघर चालू होती तोवर कुणी मान वर केली नाही. घरघर चालू म्हणजे तो पडणार दुसऱ्या कुणावर. घरघर थांबली आणि रांग फुटपाथवर पालथी पडली. मागच्या गल्लीत धडाका झाला, कौलं खळखळली, चुन्याची धूळ सगळ्यांवर बसली. माणसं खोकत उठली, तर मिसेस ब्लंडन हेटीच्या पुढे. आणि ओरम म्हणाला, हॅडक एकच उरलाय.

मग जुंपली. मिसेस ब्लंडनचं म्हणणं, धक्क्याने आपण फेकलो गेलो.

"धक्कासुद्धा तुम्हाला बरोब्बर पुढेच ढकलतो," हेटी म्हणाली.

ओरमने फुटपाथ न्याहाळला. सगळा पांढराफटक, फक्त जो जिथे पडला होता, तिथे त्याच्या आकाराची स्वच्छ जागा. त्याने सगळ्यांना आपापल्या जागेत झोपायला फर्मावलं. प्रश्न रांगेचा होता, कुणी कुरकुरलं नाही. कोपऱ्यावरून येणाऱ्या हवाई हल्ल्याच्या वॉर्डनने ते पाहिलं आणि तोही डोकं झाकून रांगेच्या शेवटी आडवा झाला.

सगळ्यात पुढची जागा आखूड आणि गोल होती. मिसेस ब्लंडननी गुडघे पोटाशी घेतले, तरी बूट धुळीतच. मागे एक लांबलचक जागा रिकामी पडून होती.

हॅडक हेटीला मिळाला. वॉर्डनने हळूच विचारलं, पडला का? कधीच पडला, कुणीतरी म्हणालं. आता कॉड माशाची डोकी उरलीत. तो उठला आणि रांगेत उभा राहिला.

मिसेस ब्लंडन कोट झटकत म्हणाल्या, "तळणार कशात? तुमची चरबी परवाच संपली ना?"

संपली होती. हेटीने हातातल्या हॅडककडे पाहिलं.

"तुमच्याकडे आहे?"

"आहे वाटीभर."

"मग घेऊन जेवायलाच या," हेटी म्हणाली. "पण दारातून आत आधी मी."