भिंतीवरच्या प्लगचे कपाळ

मित्रांनो, मी फैजपूरच्या एका घरातला जुना, काळा प्लग आहे. पंख्याची नाहीतर इस्त्रीची पिन तुम्ही ज्यात खुपसता, तोच मी. कारखान्यात मला सॉकेट म्हणत. मला तीन भोके आहेत, दोन लहान आणि एक मोठे. त्या मोठ्या भोकाच्या कडेला अजून थोडी लाली दिसते. ती कसली, हे सांगण्यासाठी मी आज तोंड उघडले आहे. तसे ते उघडेच असते म्हणा.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यात काळी पूड दाबली, पोटात पितळेच्या नळ्या बसवल्या, की झालो मी तयार. तिथून खोक्यात बसून रेल्वेने जळगावच्या दुकानात आलो. आम्ही सगळे भाऊ अंधाऱ्या खोक्यात एकच गोष्ट बोलत असू. आपल्यातून वीज जाणार म्हणे! पण ती असते कशी, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. खरे सांगू? मला ते आजही ठाऊक नाही. इतकी वर्षे ती माझ्यातून गेली, पण मला एकदाही दिसली नाही.

साधारण एकोणीसशे सहासष्ट साली रूपचंद आबांच्या घरी वीज आली. आबांची केळीची बाग होती. उन्हाळ्यात त्यांना फार दम लागे, ओसरीवर बसून रात्र काढावी लागे. म्हणून त्यांच्या मुलाने, रतिलालने, जळगावहून टेबलावरचा पंखा आणला होता. मला ओसरीच्या भिंतीवर बसवायला सावद्याचा वायरमन लीलाधर आला. त्याने माझे मोठे भोक वर केले, दोन लहान भोके खाली ठेवली आणि स्क्रू पिळू लागला.

आबा मागे उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, "लीलाधर, हे उलटं बसलं. डोये खाली न् तोंड वर? अशी उलट्या तोंडाची वस्तू माह्या घरात नोको."

आमच्या भागात बोलताना डोळ्यांचे डोये होतात आणि कपाळाचे कपाय, हे आताच सांगून ठेवतो.

"उस्तादानं असंच शिकवलं, आबा. मोठं भोक वर."

"काबरं?"

लीलाधरने डोके खाजवले. "ते काई सांगलं नही त्यानं."

ज्याचे कारण सांगता येत नाही, ते घरधन्यापुढे किती वेळ टिकणार? त्याने मला फिरवले. आता माझे दोन डोळे वर आले आणि तोंड खाली. आबा खूश झाले. मला मात्र ते पटले नाही. पंख्याची वायर खाली लोंबायला हवी होती, ती वरच्या बाजूने निघून मान मोडल्यासारखी वाकू लागली. पण मला कोण विचारतो?

त्या संध्याकाळी दिवा लागला. गल्लीतली माणसे दाराबाहेर चपला काढून आत आली. कोणी मोठ्याने बोलेना. आबांनी दिव्याला हात जोडले आणि पुढे रोज दिवेलागणीला ते तसेच हात जोडत राहिले. पंखा सुरू झाला. आबांच्या पांढऱ्या मिशा हलल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. तो वारा माझ्यातून आला होता, मित्रांनो. 

या घरात एक व्यक्ती अशी होती की जी माझ्याकडे सगळ्यांहून वेगळ्या नजरेने पाही. ती म्हणजे रतिलालची बायको सुनंदाबाई. ती सासऱ्यांपुढे कधी बोलत नसे. डोक्यावरचा पदर सावरून स्वयंपाकघराच्या चौकटीआड उभी राही. पण ओसरी झाडताना माझ्यापाशी आली, की तिचा हात थांबे. "दिसत नही, पन हाये," असे ती स्वतःशीच पुटपुटे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा असते. अंगणात नांगर, वखर, विळे, केळीचे घड कापायचा कोयता, सगळे धुऊन-पुसून ओळीने मांडले होते. रतिलाल म्हणाला, पंखाही आता घरचाच. त्याने पंख्याची पिन माझ्यातून उपसली आणि पंखा नांगराच्या शेजारी नेऊन ठेवला. बटण मात्र चालूच राहिले.

अंगणातली पूजा आटोपली. सुनंदाबाई ताट घेऊन आत आली. पंख्याला कुंकू लावले आणि त्याला जिवंत करणारी वीज राहिली, हे तिला कसे चालावे? ओसरी नुकतीच शेणाने सारवलेली होती, पाय ओले होते, बोटाला भिजवलेले कुंकू होते. तिने भक्तीने माझ्या दोन डोळ्यांच्या मध्ये बोट टेकवले. बोट घसरले. ओले कुंकू माझ्या एका डोळ्यात उतरले, ज्यात वीज जागी होती त्याच डोळ्यात.

मी ओरडू शकलो नाही. ताट खणकन पडले आणि सुनंदाबाई मागच्या मागे फेकली गेली.

ती वाचली. पण उजवा हात खांद्यापर्यंत बधिर झाला, भाकरी थापता येईना. ज्या बाईने मला देव मानले, तिलाच माझ्याकडून हा प्रसाद मिळाला. भिंतीतून गळून पडावे असे मला वाटले.

आबांनी लीलाधरला बोलावून घेतले. "काढ ते," ते म्हणाले. "तारा तोड. माह्या वाऱ्यासाठी घरातल्या लक्ष्मीचा जीव नही घ्यायचा मले."

"आबा, पुढं उन्हाया हाये," रतिलाल म्हणाला.

"उन्हाये म्या लय काढले. अजून काढीन."

लीलाधरने पक्कड हातात घेतली. तेवढ्यात चौकटीआडून आवाज आला. या घरात आल्यापासून सासऱ्यांच्या कानावर न पडलेला आवाज.

"आबा, विजेची काई चूक नही. म्या तिच्या डोयात बोट घातलं. आपल्या गायीच्या डोयात बोट घातलं, त ते बी लाथ मारीन."

लीलाधरने पक्कड खाली घेतली. सुनंदाबाई पुढे म्हणाली, "कुकू डोयात नही लावत, कपायी लावतात. तिले आपन कपायच ठेवलं नही. लीलाधरभाऊनं पह्यले मोठं भोक वर केलं व्हतं. तेच तिचं कपाय."

आबांनी लीलाधरकडे पाहिले. "त्या मोठ्या भोकात काय हाये?"

"त्यात वीज नही, आबा. त्याची तार भिंतीतून खाली अंगनातल्या खड्ड्यात जाते. तठी कोयसा न् मीठ टाकून पत्रा पुरला हाये. पंख्याच्या लोखंडात वीज उतरलीच, त ते त्या तारेनं भुईत जाते."

"मंग ते धरनीमायचं भोक," चौकटीआडून सुनंदाबाई म्हणाली.

आबांनी अंगणात जाऊन ती जागा पाहिली. मग म्हणाले, "फिरव."

लीलाधरने वीज बंद केली आणि मला सरळ केले. माझे कपाळ वर आले. वायर पुन्हा खाली लोंबू लागली. मोठे भोक वर का, याचे कारण मला पुढे कधीतरी कळले. पिन अर्धवट निघालेली असताना फळीवरून पळी किंवा किल्ल्यांचा जुडगा घसरलाच, तर तो आधी मोठ्या भोकातल्या टोकावर पडतो, ज्यात वीज नसते. सुनंदाबाईला यातले काही ठाऊक नव्हते. तिला एवढेच माहीत होते, की ज्याला मान द्यायचा त्याचे कपाळ कुठे आहे, हे आधी बघावे.

त्या वर्षी चैत्र-वैशाखात ती रोज सकाळी तुळशीला पाणी घाली आणि उरलेला तांब्या त्या खड्ड्यावर ओती. लीलाधरने सांगितले होते, भुई कोरडी पडली की ही तार कामाची राहत नाही. पंखा फिरत राहिला. तो उन्हाळा आबांनी झोपून काढला.

पुन्हा खंडेनवमी आली. अंगणातली पूजा झाली आणि सुनंदाबाई ताट घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. रतिलालने मेन स्विच बंद केला आणि ताटाला हात घातला. "मी लावतो," तो म्हणाला.

"नही. मीच लावीन."

तिने लाकडी पाट मांडला, त्यावर उभी राहिली. हात कोरडे पुसले, कुंकूही कोरडेच घेतले. तिचा हात पुढे आला. तोच उजवा हात होता. पण तो थांबला नाही. तिने माझ्या मोठ्या भोकाच्या कडेला बोट टेकवले आणि क्षणभर तसेच ठेवले. मित्रांनो, माझ्यातून वीज पुष्कळदा गेली आहे, पण त्या क्षणी जे माझ्या अंगातून गेले, तसे पुन्हा कधी गेले नाही.

मेन सुरू झाला. पंखा फिरला. आबांनी नेहमीसारखे हात जोडले, पण दिव्याकडे पाहून नाही. ते चौकटीकडे वळले होते. सुनंदाबाईने घाईघाईने पदर पुढे ओढला.

आबा आता नाहीत. मलाही तडा गेला आहे, पिन सैल बसते. काल माडीवर पांढरेशुभ्र नवे प्लग आले. ते बसवायला आलेल्या वायरमनने जिन्यावरून विचारले, कुठली बाजू वर ठेवू? सुनंदाबाई आता पदराआडून बोलत नाही. ओसरीवरूनच ती खणखणीत म्हणाली, "कपाय वर!"

मित्रांनो, उद्या तो वायरमन मला काढून नेईल. त्याचे मला दुःख नाही. तुम्ही मला बोट लावू नका, कुंकवाचेही नाही. नमस्कार करायचा तर लांबूनच करा. ओल्या हाताने बटणाला शिवू नका, पिन काढण्याआधी ते बंद करा. आणि उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालाल, तेव्हा तुमच्या अंगणातल्या तशा खड्ड्यालाही तांब्याभर पाणी घाला. तिथे आमच्या कपाळावरून निघालेली तार धरणीमायला जाऊन भेटते.