भिंगरीचे नऊ सेकंद

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. किल्लीचं, टिकटिक करणारं, मुठीत मावणारं. मित्रांनो, अशा गोष्टीत सुरुवातीला कारखाना, चकचकीत काच वगैरे सांगायचं असतं. होता कारखाना, होती काच. पुढचं ऐका.

माझी चांगली वर्षं शाळेच्या मैदानावर गेली. खेळाचे सर मला गळ्यात अडकवायचे. पोरं धापा टाकत यायची आणि आधी माझ्याकडे बघायची, मग सरांकडे. काय रुबाब होता. एकदा दोरी तुटली आणि मी सिमेंटच्या पायरीवर आपटलो. तेव्हापासून मी पुढे पळायला लागलो. खरे बावन्न सेकंद झाले की माझ्यात साठ दिसायचे.

सरांना हे दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण त्यांची सगळ्यात जोरात धावणारी पोरगी अचानक हळू झाली. तिला ओरडायच्या आधी त्यांनी मला मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितलं. मग माझ्या पाठीवर लाल स्टिकर लावला. फुटका बॉल, फाटकी जाळी, सगळ्या बाद सामानाला ते लाल स्टिकर लावायचे. मी ऑफिसच्या खणात गेलो. वाईट वाटलं, पण माणूस बरोबर होता.

तीन वर्षांनी चाचणीवाल्या बाई आल्या. पोरांची बुद्धी मोजायला. आकडा सत्तरच्या खाली आला की पोराची रवानगी मागच्या इमारतीत, वेगळ्या वर्गात. तिथे पुस्तकं नाहीत. दिवसभर कागदी पिशव्या चिकटवायच्या. बाईंच्या घड्याळाचा सेल संपला होता, म्हणून शिपायाने मला काढून दिलं. स्टिकर कळकट दिसतो म्हणून बाईंनी तो नखाने खरवडून टाकला. तो का लावलाय हे विचारायला सर दहा पावलांवर होते. नाही विचारलं.

दोन दिवसांत एकेचाळीस पोरं झाली. बेचाळिसावी भिंगरी. एका जागी बसायची नाही म्हणून सगळे तिला तेच म्हणायचे. समोर नऊ ठोकळे, लाल-पांढरे. चित्र बघून तसेच जुळवायचे, एका मिनिटात. भिंगरी दोन ठोकळे लावायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. मग माझ्याकडे. परत ठोकळे. बाईंनी कागदावर लिहिलं, लक्ष नाही, भिंतीकडे बघते. शेवटचं चित्र तिने बिनचूक जुळवलं. माझ्यात चौसष्ट दिसत होते. बाईंनी शून्य मांडलं.

"बाई, तुमचं घड्याळ पुढे पळतंय," भिंगरी म्हणाली. "त्या भिंतीवरच्यात पंचावन्नच झालेत."

"उलटं बोलायला बरं सुचतं गं तुला," बाई म्हणाल्या. "जा, जेवायची सुट्टी झाली."

तिचा आकडा आला एकोणसत्तर.

सुट्टीत बाईंनी मला भिंतीवरच्या घड्याळाखाली धरलं. एक मिनिट. परत एक मिनिट. डबा तसाच उघडा राहिला. मग त्यांनी टेबलावरच्या बेचाळीस कागदांकडे बघितलं, आणि शिपायाला स्वतःच्या घड्याळासाठी नवीन सेल आणायला पाठवलं. उरलेली पोरं बरोबर घड्याळावर झाली. आधीच्या कागदांवर सह्या झाल्या, गठ्ठा बांधला गेला. मी परत खणात.

चार दिवसांनी भिंगरीची आई आली. ती लॉन्ड्रीत इस्त्री करते, कामावरून तशीच आली होती. पोरगी पावती न बघता कुठला शर्ट कुणाचा ते सांगते, असं ती परत परत सांगत होती. बाई म्हणाल्या, वर्षभर चाचणी परत घेता येत नाही, नियम आहे.

"नियम राहू द्या बाई. ती घड्याळाचं म्हणते, ते खोटं आहे का?"

बाईंचा हात माझ्या खणावर होता.

"पोरं काहीही बोलतात हो ताई."

भिंगरी आता मागच्या इमारतीत पिशव्या चिकटवते.

मित्रांनो, मी कुणाची बुद्धी मोजली नाही. मी सेकंद मोजले, तेही चुकीचे. धावणाऱ्या पोरीसाठी मला एका दिवसात तपासलं. इथे बेचाळीस पोरं होईपर्यंत कुणाला सुचलं नाही, आणि जिला सुचलं तिलाच मंद ठरवलं. मला पुसा, तेल घाला, असलं काही मागत नाही मी. तुम्हाला कुणी आकडा चिकटवला, तर घड्याळ कुणी तपासलं ते विचारा. आणि मला कुणीतरी या खणातून काढा, भिंगरीच्या आईसमोर भिंतीवरच्या घड्याळाखाली धरा. एकच मिनिट लागतं. खरं मिनिट.